वाहत्या कानाचा हिशेब

ठणकणारा कान माणसाला रात्रीतून दवाखान्यात नेतो, वाहणारा कान नेत नाही. मधल्या कानात पू साठत जातो तेव्हा पडद्यावर ताण येतो आणि पोर रात्रभर कळवळतं. पहाटे कधीतरी पडदा फुटतो, उशीवर डाग पडतो आणि ठणका एकदम ओसरतो. घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. ‘कान फुटला, आता बरंय’ असं म्हणून आई दोन दिवसांनी मुलाला शाळेत धाडते आणि बहुतेक वेळा ती चुकतही नाही, कारण असा फुटलेला पडदा बहुतेक मुलांत काही आठवड्यांत आपोआप सांधतो. ज्यांचा सांधत नाही, त्यांच्याबद्दलचं हे पुस्तक आहे, ज्याला मी ही प्रस्तावना लिहितो आहे.

त्यांचा कान मग वाहतच राहतो. पावसाळ्यात जास्त, उन्हाळ्यात कमी. सर्दी झाली की पुन्हा सुरू, विहिरीत सूर मारला की पुन्हा सुरू. दुखत नाही, ताप येत नाही, शेतातलं काम अडत नाही. कापसाचा बोळा घातला की चारचौघांत बसता येतं. घरात विचारलं तर ‘त्याचा कान लहानपणापासूनच वाहतो’ असं उत्तर येतं, जणू तो त्या मुलाचा स्वभावच. तिशीत तोच माणूस फोन कायम एकाच कानाला लावताना दिसतो आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही.

वैद्यकात याला क्रॉनिक सप्युरेटिव्ह ओटायटिस मीडिया म्हणतात, केसपेपरवर सीएसओएम. सरळ मराठीत मधल्या कानाचा जुनाट, पू होणारा दाह. जुनाट म्हणजे किती दिवसांचा, यावर मात्र एकमत नाही. पडद्याला भोक असून दोन आठवडे कान वाहिला की जागतिक आरोग्य संघटना तो जुनाट धरते. बरेच कान-नाक-घसा तज्ज्ञ सहा आठवडे थांबतात, काही तीन महिने. हा वाद पंडिती वाटेल, पण एकाच गावात दोन व्याख्या लावून मोजणी केली तर दोन वेगळे आकडे येतात, आणि वाचणाऱ्याला वाटतं की रोग वाढला किंवा घटला.

हे पुस्तक ज्या जिल्ह्यातल्या कानांबद्दल बोलतं तो अहमदनगर, २०२४ पासून अहिल्यानगर. सतरा हजार चौरस किलोमीटरांचा, क्षेत्रफळाने महाराष्ट्रातला सर्वांत मोठा. तालुके चौदा, २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ४५ लाख ४३ हजार. एवढ्या पसाऱ्यात ‘जिल्ह्याचा कान’ असं काही नसतं. उत्तरेला प्रवरेच्या पाटपाण्यावर ऊस उभा आहे, कारखाने आहेत. पश्चिमेला अकोले तालुक्याच्या डोंगरात महादेव कोळी आणि ठाकर वाड्या आहेत, जिथे चार महिने पाऊस उघडत नाही आणि घरात चुलीचा धूर कोंडतो. पूर्वेला आणि दक्षिणेला पाथर्डी, शेवगाव, कर्जत, जामखेड हा कोरडवाहू पट्टा. तिथली कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात, काही तर याच जिल्ह्यातल्या उत्तरेकडच्या फडांवर. जिल्ह्यात रोग कसा पसरला आहे हे समजून घ्यायचं तर ही ये-जा आधी ध्यानात घ्यावी लागते.

आता आकड्यांकडे. जिल्ह्यातल्या लोणीचं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय १९८४ मध्ये सुरू झालं. प्रवरानगरला ज्या सहकारी साखर कारखान्याने आशियात पहिलेपणाचा मान मिळवला, त्याच्याच सावलीत ते उभं राहिलं. नगरजवळ विळद घाटात दुसरं वैद्यकीय महाविद्यालय आहे, शहरात जिल्हा रुग्णालय आहे. अशा ठिकाणी कानाच्या बाह्यरुग्ण विभागात बसलं की वाहता कान घेऊन आलेल्यांची रांगच दिसते. त्या रांगेवरून टक्केवारी काढणं सोपं असतं, म्हणून ती काढली जाते. पण ती रांग म्हणजे गाव नव्हे. रांगेत तोच येतो ज्याला ऐकू येईनासं झालं, ज्याच्या कानाचा वास घरच्यांना सहन होईना, ज्याच्या मुलीचं लग्न ठरायचं आहे किंवा ज्याला भरतीसाठी वैद्यकीय तपासणी पार करायची आहे. ज्याला यातलं काहीच नाही तो येत नाही. रुग्णालयातला टक्का ‘आलेल्यांपैकी किती’ हे सांगतो. ‘गावात किती’ हा प्रश्न वेगळा, आणि त्याचं उत्तर दारोदार जाऊन, प्रत्येक कानात दिवा टाकून पडदा पाहिल्याशिवाय मिळत नाही. ‘कान वाहतो का?’ एवढं विचारून चालत नाही. कोरडं भोक असलेला माणूस ‘नाही’ म्हणतो, आणि खरं तेच सांगतो.

जगाचा अंदाज जागतिक आरोग्य संघटनेने २००४ च्या अहवालात मांडला होता. जगात साडेसहा ते तेहतीस कोटी लोकांचे कान वाहतात आणि त्यांतल्या साठ टक्क्यांच्या ऐकण्यात लक्षणीय घट असते. साडेसहा आणि तेहतीस यांच्यात किती अंतर आहे पाहा. या अंतरातच आपल्या अज्ञानाचं माप आहे. त्याच अहवालात देशांच्या पायऱ्या पाडल्या होत्या. एक टक्क्याच्या आत प्रमाण असेल तर सर्वांत खालची पायरी, दोन ते चार टक्क्यांना वरची, आणि चार टक्क्यांच्या पुढे गेलं तर तातडीने हात घालायला हवा असा सार्वजनिक आरोग्याचा मोठा प्रश्न. भारत या शेवटच्या पायरीवर होता, टांझानिया, सॉलोमन बेटं, ग्रीनलंड आणि ऑस्ट्रेलियातले आदिवासी यांच्या पंगतीत. त्यामागचा आधार मोजक्या पाहण्यांचा होता, म्हणून मी ती पायरी नगर जिल्ह्यावर जशीच्या तशी चिकटवणार नाही. तरी नुसतं गणित म्हणून चार टक्के लावून पाहिले तर एक लाख ऐंशी हजारांहून अधिक माणसं होतात. ही मोजणी नाही. मोजणी का करायला हवी, एवढंच त्यातून दिसतं.

मोजणीचं एक साधन आपल्या हातात आहे, आणि त्याचा या कामासाठी पुरता वापर होत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरला झाली. त्याची पथकं वर्षातून एकदा शाळेत आणि दोनदा अंगणवाडीत जातात, आणि तपासायच्या दुखण्यांच्या यादीत मधल्या कानाचा दाह नावानिशी आहे. म्हणजे तत्त्वतः जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळकरी मुलाचा कान वर्षातून एकदा पाहिला जायला हवा. प्रत्यक्षात एका दिवसात शंभराच्या वर मुलं, कानात साचलेला मळ, उजेड कमी. मळामागचा पडदा दिसत नाही, आणि मळ काढायला वेळ नसतो. हा पथकातल्या डॉक्टरांचा दोष मानू नये. मी त्यांच्या जागी असतो तर माझंही तेच झालं असतं.

आता या पुस्तकाचा गाभा, जंतूंचा. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण गावातच नव्हे, दवाखान्यातही सगळ्यात मोठी गफलत इथेच होते.

मुलाचा कान पहिल्यांदा ठणकतो तेव्हाचे जंतू नाकाकडून आलेले असतात. घसा आणि मधला कान यांना जोडणारी नळी लहान मुलांत आखूड, रुंद आणि जवळजवळ आडवी असते. सर्दीत तिचं तोंड सुजून बंद होतं आणि स्ट्रेप्टोकोकस न्यूमोनी, हिमोफिलस इन्फ्लुएन्झी, मोराक्सेला असे घशातले रहिवासी वर सरकतात. अमॉक्सिसिलिनचं सिरप यांच्यावर बऱ्यापैकी चालतं. २०२१ पासून देशभर बाळांना मिळू लागलेली न्यूमोकोकसची लस यांच्यातल्याच एकाला आवर घालते.

पण पडद्याला भोक पडून ते तसंच राहिलं की दुसरं दार उघडतं, बाहेरचं. आंघोळीचं पाणी, विहीर, शेततळं, पाट, कानात घातलेलं तेल, काडीपेटीची काडी, केसपिन, बोळा म्हणून कोंबलेला गोधडीचा कापूस, सगळं आत पोहोचतं. आता कानात राहायला येणारे जंतू वेगळे असतात. भारतातल्या रुग्णालयांचे गेल्या कित्येक दशकांतले अहवाल काढून पाहिले तर वरची दोन नावं क्वचितच बदलतात: स्युडोमोनास एरुजिनोसा आणि स्टॅफिलोकोकस ऑरियस. कुठे पहिला पुढे, कुठे दुसरा. मागून प्रोटियस, क्लेबसिएला, ई. कोलाय. स्युडोमोनास हा मुळात पाण्याचा आणि ओल्या मातीचा जीव आहे. त्याला माणूस लागतच नाही. ओल मिळाली की पुरे. उबदार, अंधारी, कायम ओली जागा आणि वर पू म्हणजे अन्न, इतकी सोय त्याला पाटाच्या कडेलाही मिळत नसेल.

या जंतूवर अमॉक्सिसिलिन जन्मजातच चालत नाही. त्यात क्लॅव्हुलॅनिक ॲसिड घालून केलेलं महाग औषधही चालत नाही, को-ट्रायमॉक्साझोलही नाही. म्हणजे वर्षभर वाहणाऱ्या कानासाठी मेडिकलमधून पुन्हा पुन्हा आणलेली तीच बाटली चुकीच्या जंतूला मारत बसते. पू थोडा कमी होतो, कारण सोबतचे दुबळे जंतू मरतात, आणि मग पुन्हा वाढतो. ‘औषधाची सवय झाली’ असं गावात म्हणतात. सवय कशाची नाही. त्या जंतूवर ते औषध कधी चाललंच नव्हतं.

प्रयोगशाळेत हे कसं दिसतं ते एकदा पाहण्यासारखं आहे. बाहेरच्या कानाची नळी पुसून घेतात, मग आतला पू निर्जंतुक काडीवर, स्वॅबवर, उचलतात. कानात थेंब घालण्याआधी. निदान घालून दोन-तीन दिवस उलटल्यावर. एक थेंब काचपट्टीवर पसरून ग्रॅमच्या पद्धतीने रंगवला की जांभळे ठिपके झुबक्यांनी दिसतात, तो स्टॅफिलोकोकस असण्याचा संभव. गुलाबी काड्या दिसल्या तर दुसऱ्या कुळातला. उरलेला पू प्लेटवर रेघारेघांनी ओढून सदतीस अंशांवर रात्रभर ठेवतात. सकाळी झाकण उघडलं की स्युडोमोनास सूक्ष्मदर्शकाशिवायच ओळखू येतो: गोडसर, द्राक्षांसारखा वास आणि माध्यमात उतरलेली हिरवट निळाई. याच रंगाने १८८२ मध्ये फ्रान्समध्ये कार्ल जेसार याचं लक्ष वेधलं होतं. जखमांच्या पट्ट्या हिरव्या का पडतात, हे तो शोधत होता. प्रोटियस वेगळाच. त्याची वसाहत एका जागी राहत नाही, लाटांमागून लाटा उठवत सगळी प्लेट व्यापते. रूप पालटणाऱ्या ग्रीक सागरदेवाचं नाव त्याला १८८५ मध्ये मिळालं ते त्यामुळेच. नवख्या तंत्रज्ञाला तो फार सतावतो, कारण त्याच्या लाटांखाली दुसरा जंतू लपला असेल तर सापडत नाही.

मग औषधांच्या चकत्या ठेवून कुठल्या चकतीभोवती जंतू वाढला नाही ते मिलिमीटरमध्ये मोजतात आणि अहवालात ‘एस’ किंवा ‘आर’ लिहितात. एस म्हणजे औषध चालेल, आर म्हणजे चालणार नाही. इथे एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट आहे. ही मोजपट्टी रक्तात औषध किती पोहोचेल त्यावर बेतलेली असते. स्युडोमोनासला रोखायला सिप्रोफ्लॉक्सासिन एका मिलिलिटरमागे दोन मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक लागू लागलं की तो ‘आर’ ठरतो. कानातल्या साध्या ०.३ टक्क्यांच्या थेंबात तेच औषध एका मिलिलिटरमागे तीन हजार मायक्रोग्रॅम असतं. पंधराशे पट! म्हणून ‘आर’ लिहून आलेल्या कानातही थेंबांनी पू थांबलेला दिसतो आणि डॉक्टरला अहवाल खोटा वाटतो. अहवाल खोटा नसतो. तो दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर देत असतो. उलट बाजूही तितकीच खरी: पंधराशे पट औषध पुवाच्या गोळ्यावरच राहिलं तर खालच्या जंतूला त्याचा वाराही लागत नाही.

शिवाय हे जंतू सुटे-सुटे राहत नाहीत. मधल्या कानाच्या अस्तरावर ते आपल्याभोवती बुळबुळीत आवरण तयार करून थर करून बसतात. शास्त्रज्ञ त्याला बायोफिल्म म्हणतात. जुनाट दाह असलेल्या मुलांच्या कानात असे थर २००६ मध्ये अमेरिकेत सूक्ष्मदर्शकाखाली दाखवण्यात आले. थरातल्या जंतूला मारायला सुट्या जंतूच्या अनेक पट औषध लागतं. कान दर पावसाळ्यात नव्याने का वाहतो, याचा उलगडा बराचसा इथे होतो. दर वेळी नवा संसर्ग झालेला असतोच असं नाही. जुनाच थर पुन्हा जागा झालेला असतो.

जंतूंच्या टक्केवारीचे तक्ते वाचताना मी दोन गोष्टी मनात धरतो, वाचकांनीही धराव्यात. एक, हवा न लागता वाढणारे जंतू बहुतेक प्रयोगशाळा वाढवूनच पाहत नाहीत. ज्या कानाला असह्य दुर्गंधी येते त्यात ते हमखास असतात, पण तक्त्यात त्यांचा रकानाच नसतो, म्हणून ते नाहीत असं वाटतं. दुसरी गोष्ट, ‘वाढ झाली नाही’ असा शेरा म्हणजे कान स्वच्छ नव्हे. बहुधा त्या माणसाने आदल्या दिवशीच थेंब घातलेले असतात. आणि एक पाहुणा हल्ली वारंवार भेटतो: महिनोन्महिने तेच प्रतिजैविक थेंब घातले की जंतू हटतात आणि त्यांच्या जागी बुरशी येते. ॲस्परजिलसने भरलेला कान पाठ्यपुस्तकात ‘ओल्या वर्तमानपत्रासारखा’ म्हणून वर्णन केलेला असतो, काळे ठिपके पडलेला राखाडी लगदा. तो पाहून पुन्हा तेच थेंब लिहिणारेही असतात.

म्हणजे मुद्दा असा: या रोगात औषधाच्या आधी ओल हटवावी लागते.

हे काही पश्चिमेकडून आलेलं ज्ञान नाही. सुश्रुताने उत्तरतंत्रात कानाचे अठ्ठावीस रोग मोजले. कर्णस्राव आणि पूतिकर्ण ही दोन नावं आजच्या वाहत्या आणि वास येणाऱ्या कानाशी सरळ जुळतात, आणि त्यांच्या उपचारांत कानात औषध भरण्याबरोबर पुसणं आणि धुणंही सांगितलेलं आहे. मधल्या काळात आपण त्यातलं फक्त भरणं लक्षात ठेवलं. कोमट गोडं तेल, लसूण जाळलेलं तेल, कांद्याचा रस, गोमूत्र. जे हाताशी असेल ते ओतायचं. भोक असलेल्या पडद्यातून तेल आत गेलं की ते सहज बाहेर येत नाही. आजीला मी दोष देत नाही, तिने लेकराचा ठणका पाहिलेला असतो. पण ठणक्याच्या कानाला तिने शोधलेला उपाय वाहत्या कानाला लावला जातो, आणि तिथे तो अपायच करतो.

पुसायचं कसं, हे मात्र शिकून घ्यावं लागतं. धुऊन मऊ झालेल्या पांढऱ्या सुती कापडाच्या पट्टीची पीळ देऊन वात करायची. काडीला कापूस गुंडाळायचा नाही, काडीच वापरायची नाही. कान जरा मागे आणि वर ओढून वात अलगद आत सरकवायची, ओली होईपर्यंत ठेवायची, काढून फेकायची, दुसरी घालायची. वात कोरडी बाहेर येईपर्यंत हे चालू ठेवायचं. मग थेंब. बाटली आधी मुठीत धरून कोमट करायची, नाहीतर गार थेंबाने चक्कर येते. मूल कुशीवर, वाहता कान वर. थेंब घालून कानाच्या तोंडाशी असलेली कूर्चा बोटाने चार-पाच वेळा दाबायची, म्हणजे औषध भोकातून आत उतरतं. दिवसातून तीनदा, दोन आठवडे. समईच्या वाती वळणाऱ्या बायकांना वात वळणं एका बैठकीत जमतं. थेंब घातल्यावर मुलाला पाच मिनिटं पडून ठेवणं त्यांना जास्त जड जातं.

नुसत्या पुसण्याने भागतं का? इथे जरा सावध बोललं पाहिजे. केनियातल्या किआंबू जिल्ह्यात शाळकरी मुलांवर झालेला आणि १९९६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेला अभ्यास सांगतो की पुसणं, थेंब आणि पोटातलं औषध असं तिन्ही मिळालेल्या मुलांत निम्म्याहून किंचित अधिक कान वाहायचे थांबले. नुसतं पुसलेल्यांत आणि काहीच न केलेल्यांत मात्र फरक दिसला नाही. दोन्हीकडे साधारण पाचातला एकच. पुसणं हे औषधासाठी वाट करून देणं आहे, तो उपचार नव्हे. ऑस्ट्रेलियात आदिवासी मुलांसाठी टिश्यू पेपरची पिळलेली वात वापरण्याची पद्धत आहे, तीही थेंबांच्या जोडीने. आणखी एक सूचना मेडिकलवाल्यांसाठी: जेंटामायसिन, निओमायसिन असलेले थेंब भोक पडलेल्या कानात आतल्या कानाला इजा करू शकतात. ‘कानाचे थेंब द्या’ म्हणून आलेल्याला जे हाताला लागेल ते देऊ नये.

सगळे वाहते कान असे वातीने आणि थेंबांनी आटोक्यात येणारे नसतात. काहींच्या पडद्याला मधोमध नव्हे, कडेला किंवा वरच्या बाजूला भोक असतं, तिथून कातडी आत शिरते आणि मधल्या कानात तिचा गोळा वाढू लागतो. कोलेस्टिॲटोमा हे त्याचं नाव. १८३८ मध्ये योहानस म्युलर याने दिलेलं, आणि वैद्यकात असं बऱ्याचदा होतं तसं, चुकीचं. पू थोडाच येतो, पण वास फार. हा गोळा हाड कुरतडतो. चेहऱ्याचा एक भाग लुळा पडणं, चक्कर, कानामागे सूज, आणि वर मेंदूत पोहोचला तर गळू किंवा मेंदूज्वर. डब्लिनचा कानाचा शल्यवैद्य विल्यम वाइल्ड याने १८५३ च्या आपल्या ग्रंथात वाहता कान कधीही जिवावर बेतू शकतो असा इशारा दिला होता. त्याचा मुलगा, नाटककार ऑस्कर वाइल्ड, १९०० मध्ये पॅरिसला वारला तो कानाच्या दुखण्यातून झालेल्या मेंदूज्वराने, असं अनेक चरित्रकार मानतात. त्यानंतर प्रतिजैविकं आली आणि ही भीती ओसरली. संपली मात्र नाही. गावोगावच्या आशा सेविकांना मी एवढंच सांगेन: वाहत्या कानाबरोबर डोकेदुखी, उलटी, चक्कर, चेहरा वाकडा होणं किंवा कानामागे गाठ यांतलं एक जरी दिसलं तरी वात वळत बसू नका, त्या दिवशीच मोठ्या दवाखान्यात पाठवा. आणि वेदनेशिवाय वाहणाऱ्या, पडद्याला एकाहून अधिक भोकं असलेल्या कानात क्षय निघाल्याची उदाहरणं आहेत. तीही नजरेआड करू नयेत.

साध्या भोकाला मात्र शस्त्रक्रियेची चांगली सोय आहे. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीत व्हुलश्टाइन आणि त्सोल्नर यांनी टिंपॅनोप्लास्टीचा पाया घातला. आज कानशिलाच्या स्नायूवरचं पातळ आवरण घेऊन नवा पडदा बसवतात आणि हे काम जिल्ह्यातल्या वैद्यकीय महाविद्यालयांत होतं. पण शस्त्रक्रियेआधी कान काही आठवडे कोरडा असावा असं बहुतेक सर्जन सांगतात, म्हणजे पुन्हा त्या वातीपाशीच आलो. कानाचं ऐकणं किती कमी होतं हे भोक किती मोठं आणि कानातली इवली हाडं किती शाबूत त्यावर ठरतं. वीस-तीस डेसिबलची घट सहज असते. वर्गात मागच्या बाकावर बसलेल्या मुलाला त्यात शिक्षकांचा फळ्याकडे तोंड करून निघालेला आवाज ऐकू येत नाही. समोरासमोर बोललेलं ऐकू येतं, म्हणून तो बहिरा आहे असं कुणाला वाटत नाही. तो मठ्ठ ठरतो.

हे सगळं घराघरात कोण पोहोचवणार? नगर जिल्ह्याला याचं उत्तर पन्नास वर्षांपूर्वीच सापडलं होतं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केलं आणि गावातल्याच, बहुतेक निरक्षर, कित्येक तर दलित समाजातल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. १९७९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. वजन करणं, बाळंतपण करणं, जखम बांधणं जी बाई शिकली तिला कानाची वात शिकणं अवघड नाही. सरकारच्या बालआजारांच्या एकात्मिक कार्यक्रमातही चौदा दिवस किंवा त्याहून अधिक वाहणाऱ्या कानासाठी हाच उपाय लिहिलेला आहे: वातीने कोरडा करा, सिप्रोफ्लॉक्सासिनचे थेंब घाला, पाच दिवसांनी पुन्हा पाहा.

‘पाच दिवसांनी पुन्हा पाहा’ हे वाक्य लिहिताना ऊसतोडीचं पोर कुणाच्या डोळ्यासमोर नव्हतं. पाथर्डीतून निघालेली टोळी आज एका फडावर, चार दिवसांनी दुसऱ्या. मुक्काम पाचटाच्या कोपीत, चूल दारातच, आंघोळ पाटावर, रात्रीची थंडी डोक्याखालच्या जमिनीतून येणारी. सर्दी हटत नाही, पाणी कानात जातच राहतं. आई पहाटे चारला उसात शिरते. वात कोण वळणार? हंगामातच पोराचा कान फुटला तर तो मार्च-एप्रिलपर्यंत तसाच वाहतो, आणि गावी परत येईपर्यंत ‘जुनाट’ची कुठलीही व्याख्या लावली तरी त्यात बसतो. शाळेत पथक आलं होतं तेव्हा हे मूल हजेरीपटावर होतं, वर्गात नव्हतं.

म्हणून पुस्तकाच्या तरुण लेखकांनी आखलेल्या पाहणीबद्दल मी एक आग्रह धरला आहे आणि त्यांनी तो मानला आहे. मोजणी दोनदा करायची. पहिली भाद्रपदात, टोळ्या निघण्याआधी, सगळं गाव घरी असताना. पावसाळ्यामुळे वाहणाऱ्या कानांचा आकडा तेव्हा चढा येईल. येऊ द्यावा, फक्त तारीख आणि व्याख्या तक्त्याच्या डोक्यावरच छापावी. दुसरी माघात, कोप्यांवर, मुकादमाला आधी सांगून, संध्याकाळी मोळ्या गाडीत भरून झाल्यावर. बरोबर डोक्याला लावायचा दिवा, मळ काढायची सामग्री, स्वॅबचे खोके आणि बर्फाची पेटी. स्वॅब आधी घ्यायचा, थेंबाची बाटली त्यानंतर उघडायची. जिथे पू सापडेल तिथे थेंब देऊन यायचं, आणि पुढच्या फडाचं ठिकाण मुकादमाकडून वहीत लिहून घ्यायचं.